उलटं पाणी

"आईला शुगर आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. क्रांती म्हणाली, "हो, आहे की. पुष्कळ वर्षं झाली."

"मग तुम्हाला आत्तापासूनच सांभाळायला हवं. हे आईकडून यायची शक्यता फार असते," डॉक्टर म्हणाले. तिनंही शहाण्या पेशंटसारखी मान डोलावली, पर्स खांद्याला अडकवली आणि बाहेर पडली. विश्रामबागेतल्या त्या दवाखान्याचा जिना अरुंद होता. मधल्या वळणावर खालून एक म्हातारे गृहस्थ चढत होते, त्यांना वाट द्यायला ती भिंतीला चिकटून उभी राहिली. म्हातारे वर निघून गेले, तरी ती तिथंच उभी होती. आई म्हणजे मनुबाई. आणि मनुबाईकडून तिच्या रक्तात काहीच येणार नव्हतं, शुगर नाही की डोळ्यांचा रंग नाही. जिनं तिला जन्म दिला ती विजयमाला, क्रांती चौथ्या वर्षात असताना बाळंतपणात गेली होती. हे क्रांतीला माहीत नव्हतं असं नाही. शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ते तिनं कुणापासून लपवलंही नव्हतं. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते तिला आठवलंच नाही. तिला वाटलं, मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. खोटं बोलताना खरं काय ते निदान मनात असतं.

परत वर जाऊन दुरुस्त करून सांगावं असं क्षणभर वाटलं. पण काय सांगायचं? आई कोण ते सांगायला मी चुकले, म्हणून? रस्त्यावर ऊन पडलं होतं, रिक्षा हॉर्न वाजवत होत्या, फळवाल्याच्या गाडीवर सीताफळं आली होती. ती घरी पोचली तेव्हा मनुबाई स्वयंपाकघरात फरशीवर बसून मेथी निवडत होती. वडील, लालासाहेब, गेल्यापासून मनुबाई गावचं घर बंद करून क्रांतीकडेच राहायला आली होती. पाटावर बस म्हटलं तरी बसायची नाही, फरशी गार लागते म्हणायची.

"काय म्हणला डाक्टर?"

"काही नाही. काठावर आहे म्हणाले. गोड कमी करा."

"माझ्यावर गेलीस बघ," मनुबाई म्हणाली, आणि त्या म्हणण्यात काळजीपेक्षा समाधानच जास्त होतं. पुढची काडी तिनं उचलली, पानं खुडली, देठ बाजूला टाकला. क्रांती तिच्या तोंडाकडे बघत राहिली. हीसुद्धा विसरली की काय? की विसरली नव्हती, आणि तरीही म्हणाली? विचारता येण्यासारखं ते नव्हतं.

त्यानंतरचे दिवस क्रांतीला कशातच चैन पडेना. ती शाळेत मराठी शिकवायची. वर्गात धडा वाचता वाचता मध्येच थांबायची आणि मुली एकमेकींकडे बघायच्या. विजयमालेचं आपल्याकडे काय आहे, याची ती मनातल्या मनात चाचपणी करत होती. एक फोटो होता, लग्नातला. त्यात मुंडावळ्यांच्या सावलीत चेहरा नीट दिसायचाच नाही. माहेर पाटणच्या वरच्या पठारावर कुठंतरी, एवढंच ठाऊक होतं. तिकडची आजी वारल्यावर जाणंयेणं सुटलं होतं आणि वडील या विषयावर कधी बोलले नाहीत. बाकी आठवणी होत्या, पण त्यांवर कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. केसांतून फिरणारी फणी, ती कुणाच्या हातातली? विहिरीच्या पायरीवर ओंजळीनं पाणी पाजणारं कोण? इतकी वर्षं तिनं यातल्या गोड गोड आठवणी विजयमालेच्या नावावर टाकल्या होत्या, कारण त्या बिचारीच्या नावावर दुसरं काही नव्हतं. आता एकेक उचलून बघताना वाटायला लागलं की या सगळ्या मनुबाईच्याच असणार. फणी तर नक्कीच. एकच आठवण अशी होती की ती मनुबाईची असणं शक्य नव्हतं, कारण त्यांच्या सपाट गावात तसली उंच जागाच नव्हती. उंचावर कुठंतरी कुणीतरी तिला धरून बसलंय, खूप वारा आहे, आणि पाणी खालून वर येऊन तोंडावर पडतंय. आणि दोन हात तिच्या कानांवर गच्च दाबलेले. लहानपणी तिला ते स्वप्न वाटायचं, कारण पाणी खालून वर येत नाही.

मग एके रात्री जेवताना अंकितानं, तिच्या मुलीनं, मोबाईल पुढं केला. "आई, हे बघ. सडावाघापूर. रिव्हर्स वॉटरफॉल. पाणी दरीत पडतच नाही, वाऱ्यानं उलटं वर येतं. किती भारी आहे! पाटणपासून अगदी जवळ." क्रांतीचा घास हातातच राहिला. पडद्यावर एका कड्यावरून पांढरी धार खाली झेपावत होती आणि अर्ध्यातच वाऱ्याच्या तडाख्यात फुटून वर उसळत होती, रेनकोट घातलेली माणसं ओरडत होती. म्हणजे ते स्वप्न नव्हतं. अशी जागा होती, ती विजयमालेच्या माहेराजवळ होती, आणि तिथं तिला धरून बसणारी बाई विजयमालाच होती. "जाऊया," ती म्हणाली, इतक्या झटकन की मानसिंगनं, तिच्या नवऱ्यानं, ताटातून मान वर केली. माधवनगरात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि दुकान बंद ठेवायचं म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं. पण बायकोचा चेहरा बघून तो नुसतंच म्हणाला, "जाऊ की. मंगळवारी सुट्टीच आहे माझी."

"आज्जी, तू पण यायचंस हां."

मनुबाईनं मोबाईल हातात घेतला होता. ती तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगत होती. संपला की पुन्हा. "लय बदललंय," ती पुटपुटली, का क्रांतीला तसं ऐकू आलं. टीव्ही चालू होता. मग मोबाईल परत देत म्हणाली, "येते की. मला काय हितं काम हाय?"

आणि नेमकं तेच क्रांतीला नको होतं. तिला लाज वाटली, पण नको होतं. विजयमालेच्या मुलखात, तिच्या एकुलत्या एका आठवणीपाशी मनुबाईला कसं न्यायचं? ज्या बाईनं आपल्याला वाढवलं तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या आईला शोधायचं? आणि तिला घरी ठेवून जायचं तर कुठल्या तोंडानं? ती रात्रभर कूस बदलत राहिली.

गाडी अंकिता चालवत होती. तिचं लायसन्स नवं होतं आणि हट्ट जुना. मानसिंग शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होता. पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा, खोदलेला. प्रत्येक खड्ड्याला तो "हळू, हळू गं" म्हणायचा आणि अंकिता "बाबा, तुम्ही झोपा" म्हणायची. मागे क्रांती आणि मनुबाई. मनुबाईला गाडी लागायची, म्हणून तिच्या मुठीत लिंबू होतं आणि ती दर थोड्या वेळानं त्याचा वास घेत होती. दोन्ही बाजूंना ऊस. पावसानं उसाची पाती धुऊन लख्ख झाली होती, मधून एखादी पाऊलवाट आत शिरताना दिसायची, आणि त्यातली एक बघून क्रांतीला गावातली बांधावरची वाट आठवली, जिथं मनुबाई सायकल शिकली. क्रांती पाचवीत गेली तेव्हा शाळा लांबच्या गावात होती आणि एसटी कधी यायची, कधी यायचीच नाही. लालासाहेब पलटणीत, तेव्हा जम्मूकडं कुठंतरी. त्यांची सायकल सोप्यात टांगलेली. मनुबाईनं ती खाली काढली आणि उसातल्या वाटेवर, कुणी बघत नाही अशा वेळी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून शिकायला लागली. एकदा पाटाच्या पाण्यात पडली. गुडघे फुटले, कोपर सोललं. आजी, म्हणजे वडिलांची आई, दारात उभी राहून गाव ऐकेल अशा आवाजात बोलली. पण एक दिवस मनुबाई क्रांतीला कॅरिअरवर बसवून शाळेला निघाली आणि पारावरची माणसं उठून उभी राहिली. कॅरिअर टोचू नये म्हणून तिनं पोत्याची छोटी गादी शिवली होती. क्रांतीला त्या वेळी आनंद झाला नव्हता. तिला लाज वाटली होती. सगळ्या वर्गानं बघितलं म्हणून शाळेच्या अलीकडेच उतरायची ती. मनुबाई तिथून सायकल वळवायची, आणि वळवताना हमखास एक पाय जमिनीला टेकवायची, कारण वळायला ती कधी नीट शिकलीच नाही.

आणि तो शब्द. शाळेतल्याच एका मुलीनं तोंडावर फेकलेला. क्रांतीनं घरी येऊन विचारलं होतं, "सावत्र म्हणजे काय गं?" मनुबाई चुलीपुढं होती. फुंकणी बाजूला ठेवून तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे उशिरा आल्याली. यष्टी चुकली हुती माझी." क्रांतीला ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी तिनं त्या मुलीला तसंच सांगितलं. पुढं मोठेपणी मराठी शिकवायला लागल्यावर हा शब्द कितीदा तरी समोर आला, पण शब्दकोशातला अर्थ तिला कधी खरा वाटला नाही. आता गाडीत, काचेवरून ओघळणाऱ्या थेंबांकडे बघताना ते आठवून तिला हसू आलं, आणि लगेच विरलं. ही बाई शेजारी लिंबू हुंगत बसलीय आणि आपण तिच्याबरोबर असूनही तिच्याआडून कुठंतरी चाललोय.

कराड मागं पडलं. मल्हारपेठेच्या पुढं कोयना रस्त्याच्या सोबतीला आली, गढूळ, भरून चाललेली, आणि डोंगर दोन्हीकडून जवळ सरकले. पाटणला चहा घेतला. मानसिंगनं टपरीवाल्याला रस्ता विचारला. मनुबाई बशीतला चहा फुंकत डोंगराकडे बघत होती. "आई, बरं वाटतंय ना?" क्रांतीनं विचारलं. "मला काय झालंय?" ती म्हणाली. घाट सुरू झाला तसं धुकं आलं. आधी पातळ, मग असं की गाडीच्या नाकापुढचं दिसेना. आता अंकिताही बोलायची थांबली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ती पुढं वाकली होती आणि मानसिंग हळू आवाजात, अजिबात न रागावता, "डावीकडं वळण आहे. आता सरळ. बरोबर चाललंय," असं सांगत होता. क्रांतीला त्या आवाजाबद्दल एकदम माया वाटली. वरून सारखा घूंऽ घूंऽ आवाज येत होता. मग धुक्यातून एक भलंमोठं पातं खाली आलं, गेलं, दुसरं आलं. पवनचक्की होती. पठार आलं होतं.

गाड्या लावायच्या जागेवर गर्दी होती. कणसं भाजणाऱ्यांचे चुलखंड, प्लास्टिकच्या कागदाखाली भजी, गाणी लावलेल्या जीपा, भिजलेली पोरं. गाडीचं दार उघडलं तर वाऱ्यानं ते हातातून ओढून घेतलं. सगळे कठड्याकडे निघाले होते. अंकिता बापाचा हात धरून तिकडे पळालीसुद्धा. क्रांती आईला छत्री देऊ लागली तर वारा छत्री टिकू देईना. मनुबाईनं पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचला, इकडं तिकडं पाहिलं, आणि गर्दीच्या उलट्या बाजूला चालायला लागली.

"आई, तिकडं कुठं? पाणी इकडं आहे."

"हिकडनं बी हाय. ये."

चपला हातात घेऊन ती कातळावरून चालली होती. शुगरनं पाय बधिर होतात म्हणून घरात जपून पावलं टाकणारी बाई. क्रांती तिच्यामागे. ओला काळा खडकाचा सडा, त्याच्या खाचांमधून साचलेलं पाणी, पाण्याच्या काठाला जांभळी पांढरी बारकी फुलं, चिखलात गुरांचे खूर. एक ओहळ आडवा आला. मनुबाई त्याच्याकडेनं चालत गेली आणि कड्याच्या बऱ्याच अलीकडे, एका बसक्या खडकापाशी थांबली. "पुढं जायचं न्हाई. हितं बसायचं," ती म्हणाली आणि बसली. क्रांतीही तिच्याजवळ, जरा पुढं, तिच्या गुडघ्यांना टेकून बसली. समोर नुसतं पांढरं होतं. ओहळ त्या पांढऱ्यात शिरून दिसेनासा होत होता आणि खालून दरी घुमत होती. काहीच दिसत नव्हतं. क्रांतीला वाटलं, इतकी लांब येऊन असंच परत जायचं आपल्या नशिबात आहे, आणि तेच योग्य आहे. इतक्यात वारा बदलला. धुकं मध्येच फाटलं, खाली हिरवी दरी, खेळण्यातल्यासारखी शेतं, नदीचा वळसा, सगळं एकदम उघडं पडलं. कड्यावरून झेप घेणारं पाणी खाली गेलंच नाही. ते हवेत थबकलं, फुगलं, पिसाटल्यासारखं उलटं फिरलं आणि उंच चढून त्या दोघींवर कोसळलं. तोंडावर, गळ्यावर, उघड्या डोळ्यांवर गार पाणी. आणि त्याच क्षणी मागून दोन तळवे आले आणि तिच्या कानांवर गच्च बसले.

आवाज बंद झाला. वारा बंद झाला. त्या तळव्यांच्या आत तिला फक्त स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येत होतं. अंगठे जबड्याच्या खाली, बोटं केसांत, उजव्या हाताची एक करंगळी जरा वाकडी. हे हात तिला ठाऊक होते. हेच ते हात. दुसरे कुणाचे असण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या डोक्यानं विचार करायच्या आधी तिच्या कानांनी ते ओळखले होते. पाणी पुन्हा आलं, पुन्हा आलं. ती हलली नाही. धुकं परत मिटलं तेव्हा मनुबाईनं हात काढले आणि स्वतःच्याच हातांकडे बघत म्हणाली, "वारं लागतंय गं कानाला. तुझं कान पयल्यापासनं नाजूक."

"आई, तू मला इथं आणलं होतंस?"

मनुबाई पदर पिळत म्हणाली, "चल आडोशाला. हितं बोलल्यालं ऐकू यायचं न्हाई."

थोडं मागं कुणीतरी गुरांसाठी रचलेला दगडांचा बांध होता. त्याच्याआड वारा जरा कमी होता. मनुबाई बोलली ते सलग नाही. मध्येच थांबत, पायाला लागलेलं गवत काढत. "मी लग्न हून आले तवा तू साडेचार वर्साची. रातदिस रडायचीस. खायची न्हाईस. तुझी आजी म्हणली, पोर आजोळी ठिवून ये. नवा संसार हाय तुझा, त्यात ही किरकिर कशाला. तुझं बाबा पलटणीत, त्यास्नी काय ठाऊकच न्हाई. मी बावीस वर्साची. सासूपुढं काय बोलणार? तुझं कपडं पिशवीत भरलं आन निघाले. पाटणपतूर यष्टीनं, म्होरं चालत. निम्म्या वाटंत तू पाय दुखत्यात म्हणलीस, मग काखंला घेतलं. तुला कशाला चाललोय त्ये म्हाईत न्हवतं. हितं आलो, आन दम खायला बसलो. ह्याच दगडाला. आन त्ये पाणी आलं." ती थांबली. "तू हसलीस. मी घरात आल्यापासनं पयल्यांदा हसलीस. माझ्याकडं बघून म्हणलीस, परत आण. म्हंजे पाणी परत आण. जसं काय म्याच आणलं हुतं."

"मग?"

"मग काय. तुझ्या आजोळच्या आज्जीच्या दारात गेले, पाणी प्याले. म्हातारी पिशवीकडं बघायली. तिला समजलं. म्हणली, ठिवायला आणलीस व्हय गं? मी म्हणलं, न्हाई आवं, भेटवायला आणलीया. मुक्काम केला आन सकाळी खाली आलो. घरी माझी सासू बोलली मला, जलमभर बोलली. बोलू दे. त्यात काय."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"कसं सांगणार? तुला वाटलं असतं, तुला टाकायला नेलं हुतं."

क्रांतीकडं विजयमालेचं म्हणून शेवटचं होतं ते गेलं होतं. ते जाताना दुखायला हवं होतं, आणि दुखलंही, एखादा दात पडल्यावर जीभ पुन्हा पुन्हा तिथं जाते तसं. पण त्या मोकळ्या जागेत जे येऊन बसलं होतं ते इतकं मोठं होतं की ते कुठं ठेवावं ते तिला कळत नव्हतं. एक बावीस वर्षांची मुलगी, कुणाच्या तरी पोरीला कडेवर घेऊन हा घाट चढलेली. खाली उतरताना पिशवी तिनं कशी धरली असेल? आपण कडेवर, पिशवी हातात, घरी गेल्यावर काय बोलणी खायची आहेत ते माहीत. आभार मानायचे असतात ते सभेत, शाल आणि नारळ देऊन. इथं काय करायचं? तिनं पुढं होऊन मनुबाईच्या तळपायाला चिकटलेला चिखल बोटांनी पुसला, एका पायाचा, मग दुसऱ्याचा. मनुबाई पाय मागे घेऊ लागली. "आगं, करतीस काय," ती म्हणाली. मग तशीच बसून राहिली. दुसरीकडे बघत ती म्हणाली, "मागनं मला काय झालंच न्हाई. मूलबाळ. तुला ठिवून आले असते तर…" तिनं ते पुरं केलं नाही.

मानसिंग आणि अंकिता हाका मारत, घाबरेघुबरे होऊन त्यांना शोधत आले. दोघंही नखशिखांत भिजलेले. "आज्जी, अगं कुठं गेला होता तुम्ही! फोन लागत नाही!" क्रांतीनं तिला एवढंच सांगितलं, "आज्जीला इथली वाट माहीत आहे. मी लहान असताना तिनं आणलं होतं मला." बाकीचं ती पुढं कधीतरी सांगणार होती. मनुबाई उठली, चपला घातल्या आणि जावयाला म्हणाली, "तुमी गाडी घिऊन या मागनं. वाडी जवळच हाय. हिच्या मामाचं घर हाय हितं, कोंडीबाचं. आसलं तर बघूया."

घर होतं. पत्रे नवे, पण तेच, मनुबाई म्हणाली. दारापुढं निळ्या कागदाखाली एक म्हातारी बाई कणसं भाजत होती, हातात पुठ्ठा, धुरानं डोळे बारीक. गिऱ्हाईक आलं असं समजून तिनं चार कणसं निवडली. मनुबाई पुढं झाली. "कोंडीबाचं घर ह्येच न्हवं?"

"व्हय. पर त्ये जाऊन लय दिस झालं. मी त्यांची मंडळी, अंबूबाई. पोरं मुंबईला असत्यात. तुमी कोण?"

मनुबाईनं क्रांतीला दंडाला धरून पुढं केलं आणि स्वतः एक पाऊल मागं सरली. "ही विजयमालाची लेक. क्रांती." आणि मग, विचारलं नसताना, "मी हिच्यासंगं आलीया."

अंबूबाईच्या हातातला पुठ्ठा खाली आला. तिनं क्रांतीचं तोंड काळवंडलेल्या दोन्ही हातांत धरलं, डोकं खाली वाकवलं आणि ओल्या केसांत बोटं घालून भोवरा बघितला. "दोन हायेत. आमच्या माला वन्संस्नी बी दोन हुतं." ती रडायला लागली आणि रडता रडता बोलायला लागली. माला वन्सं अशा आणि माला वन्सं तशा. गुरं वळायला तोंडात बोटं घालून शिट्टी मारायच्या. पोरीच्या जातीनं शिट्टी मारू नये म्हणून बापानं मारलं, पर गुरं दुसऱ्या कुणाचं ऐकायचीच न्हाईत, मग बापच म्हणायचा, मार बाई मार. क्रांती ऐकत होती. शिट्टी मारणारी, मार खाऊन पुन्हा शिट्टी मारणारी एक मुलगी पहिल्यांदाच तिच्यासमोर उभी राहत होती. आई म्हणून नाही, विजयमाला म्हणून. ती तिला आवडली. इतकी वर्षं मुंडावळ्यांच्या सावलीत उभी असलेली बाई बाहेर आली आणि तिला दुसऱ्या कुणाच्या आठवणी उसन्या द्यायची गरज उरली नाही.

चहा झाला. कणसं झाली. अंकिता अंबूबाईकडून शिट्टी शिकायला बघत होती आणि अंबूबाई दात नसलेल्या तोंडानं हसत होती. मनुबाई मात्र सगळा वेळ उंबऱ्याबाहेर, कागदाखालच्या स्टुलावर बसून होती, आत ये म्हटलं तरी "पाय वलं हायेत" म्हणत. क्रांतीला ते दिसत होतं. ती उठली, बाहेर आली आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मामी, ही माझी आई. तुम्ही बघितलंय हिला. मला कडेवर घेऊन आली होती एकदा."

अंबूबाई दारात येऊन उभी राहिली. मनुबाईकडे निरखून बघत राहिली. "पिशवी घिऊन आली हुती ती? आन तशीच परत न्हेली?"

मनुबाईनं मान खाली घातली. "व्हय."

"आमची म्हातारी मरंस्तवर तुझं नाव घ्यायची बाई," अंबूबाई म्हणाली. ती आत गेली. कणगीत हात घातल्याचा, सूप ओढल्याचा आवाज आला. निघायची वेळ झाली होती. मानसिंगनं गाडी सुरू केली होती, धुकं पुन्हा दाट होत होतं. अंबूबाई सुपात तांदूळ घेऊन बाहेर आली. "पदर धरा."

मनुबाई दचकून मागं सरली. "आवं, माझी ओटी कशाला? लेकीची भरा. माझं मालक जाऊन तीन वरसं झाली."

"माझं बी गेल्यात की. कोण बघतंय हितं? धरा म्हणते न्हवं." मनुबाईनं पदर पुढं केला. अंबूबाईनं ओंजळीनं तांदूळ घातले. "नारळ न्हाई घरात. ह्ये घ्या," म्हणत वर एक कोवळं कणीस ठेवलं.

मनुबाई तो पदर दोन्ही हातांनी धरून गाडीत बसली, एक दाणा सांडू न देता. क्रांती तिच्याशेजारी बसली आणि खालून पदराला आपलाही हात लावला. अंबूबाई काचेपाशी वाकली.

"पुढल्या पंचमीला या, वन्सं."

मनुबाईनं मान वळवून मागं पाहिलं, अंबूबाई कुणाला म्हणाली ते बघायला. मागच्या काचेत नुसतं धुकं होतं. मग तिला उमगलं. तिनं क्रांतीकडे पाहिलं, पुन्हा अंबूबाईकडे पाहिलं, आणि लग्न झालेल्या मुली माहेरच्या दारात म्हणतात तसं, अगदी हळू म्हणाली, "येते."